चल आणि अचल

तुळजापूरची भवानी ‘चल’ आहे, हे येथे येणाऱ्या पुष्कळ भाविकांनी ऐकलेले असते; त्याचा नेमका अर्थ काय, याची चौकशी मात्र थोडेच करतात. मूर्तिशास्त्राने मूर्तींचे चल आणि अचल असे भेद केले आहेत. अचल मूर्ती एकदा पीठावर बसली की तिने जागा सोडावयाची नाही. मिरवणुकीसाठी, पालखीसाठी वेगळी उत्सवमूर्ती करावयाची. मूळ मूर्ती गाभाऱ्यात आणि उत्सवमूर्ती रस्त्यावर, अशी ही वाटणी आहे. कोल्हापूरला अंबाबाईची पालखी निघते तेव्हा पालखीत उत्सवमूर्तीच असते. तुळजापूरला तसे नाही. येथे सिंहासनावरची मूळ मूर्तीच उचलली जाते. वर्षातून तीन वेळा, म्हणजे शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी, देवी सिंहासन सोडून पलंगावर निद्रा घेते. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पालखीत बसते तीही हीच मूर्ती. वस्त्रांच्या अनेक पदरांत जपून बांधून तिला मंदिराभोवती प्रदक्षिणा घडवतात, आणि पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. जे अढळ असावयाचे, तेच येथे ठरल्या दिवशी हलते. आणि हलल्यामुळे त्याचे मूळपण उणावत नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रविद्येत मला गती नाही. तरीही हा चल-अचलाचा भेद गेली काही वर्षे मला वारंवार आठवतो, तो खिशातल्या फोनमुळे. फोनमधल्या कोणत्या सोयी त्याच्या मूळ व्यवस्थेतच असाव्यात आणि कोणत्या सुट्या ॲपच्या रूपाने असाव्यात, हा वाद जवळजवळ दोन दशके चालू आहे. कारागिरांचा वाद, त्यात आपले काय, असे वाचक म्हणतील. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु ज्या जिल्ह्याने १९९३ सालची ती पहाट पाहिली, त्या जिल्ह्याला हा वाद परका नाही, असे आता माझे मत झाले आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी वादाची मांडणी केली पाहिजे.

फोन चालवणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडच्या बहुसंख्य फोनांत ती अँड्रॉइड नावाची असते, आयफोनात आयओएस. पडद्यावर अक्षरे उमटवणे, चित्रे आणि ध्वनी उलगडणे, टॉवरशी संधान बांधणे, ही कामे तिच्या पोटात असतात. त्यांना आपण अंगभूत सोयी म्हणू. याउलट जी सोय मालक बाहेरून आणतो, नको तेव्हा काढतो, आणि मूळ व्यवस्थेला हात न लावता जिची नवी आवृत्ती बसवता येते, ती ॲप. आमच्याकडील जुन्या घरांत धान्य साठवण्याच्या अशाच दोन तऱ्हा होत्या. बळद भिंतीतच बांधलेले असे. ते घराबरोबरच मिळे, कोणी उचलून नेईल ही भीती नसे. पण आत ओल शिरली तर भिंतच फोडावी लागे. कणगी विणलेली, शेणाने लिंपलेली. खराब झाली तर टाकावी आणि नवी आणावी. मात्र ज्याने कणगी आणलीच नाही, त्याचे धान्य उघड्यावर. बळद सर्वांना मिळते, पण सहज दुरुस्त होत नाही. कणगी सहज बदलते, पण सर्वांपाशी नसते. फोनमधल्या वादाचे सार एवढेच आहे.

मराठी भाषेने हा वाद फोनच्या कितीतरी आधी पाहिला आहे. मुंबईच्या छापखान्यांत देवनागरी खिळे जुळवण्याच्या दोन पद्धती होत्या : अखंड आणि डिग्री. अखंड पद्धतीत मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षराबरोबरच ओतलेले असत. छपाई भक्कम येई, पण खिळ्यांची संख्या भरमसाट वाढे आणि जुळाऱ्याला एकेका अक्षरासाठी केसभर हात फिरवावा लागे. डिग्री पद्धतीत ही चिन्हे सुट्या तुकड्यांची असत. ती अक्षराच्या वर किंवा खाली बसवावी लागत. खिळे कमी लागत, पण तुकडा हलला की मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे अशी गत होई. खिळ्यांची ही संख्या आटोक्यात आणण्याच्या खटपटीत लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले होते. स्वराज्याच्या झगड्यात गुंतलेल्या माणसाला शिशाच्या तुकड्यांची चिंता का वाटावी? कारण काय जोडलेले आणि काय सुटे, यावरच कोणते लिखाण किती लोकांपर्यंत किती स्वस्तात पोहोचेल हे ठरत होते. साधनाची ही बाब मुळातच लोकव्यवहाराची बाब होती.

फोनमध्ये मराठीने हाच अनुभव पुन्हा घेतला. आयफोन २००७ साली विक्रीस आला, तेव्हा त्यात सर्व सोयी अंगभूत होत्या. बाहेरचे ॲप बसवण्याची मुभाच नव्हती. जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲपचा बाजार उघडला, तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचा पहिला फोन आला. आता योगायोग पाहा. ‘ॲप’ हा शब्द मराठीत लिहावयाचा तर अ-वर चंद्र असलेले अक्षर लागते. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्याच एप्रिलमध्ये. म्हणजे वस्तू आणि तिचे नाव लिहिण्याचे अक्षर एकाच वर्षीची. पण अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते फोनवर दिसू लागले, असे नव्हे. अक्षराचा आकार फोनच्या पोटातील फाँटमध्ये असावा लागतो, आणि फाँट ही अंगभूत वस्तू. ज्या फोनात तो आकार नव्हता, तेथे त्या जागी रिकामी चौकट दिसे.

ती चौकट त्या काळातील पुष्कळ मराठी माणसांना आठवत असेल. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांत देवनागरी मजकूर म्हणजे चौकटींची रांग असे, किंवा जोडाक्षरे फुटून वेलांट्या भलत्या जागी जात. त्यावर एक नामी युक्ती निघाली होती. ‘ऑपेरा मिनी’ नावाच्या ॲपमध्ये एक आडबाजूची खूण बदलली की ते ॲप दूरच्या संगणकावर अक्षरांची चित्रे काढून घेई आणि फोनला अक्षरांऐवजी ती चित्रेच दाखवी. फोनला मराठी येत नव्हते. तो केवळ चित्र दाखवत होता. २०११-१२ च्या सुमारास आलेल्या आवृत्त्यांपासून अँड्रॉइडच्या पोटात देवनागरी आली आणि पुढे जोडाक्षरेही सुधारली. पण ज्यांच्या हातात आधीचे फोन होते त्यांना ती मिळाली नाही. कळफलकाची कथा याच्या उलट आहे. कळफलक हे सुटे ॲप होऊ शकत होते. म्हणून जुन्या फोनवरही कोणीतरी केलेला मराठी कळफलक बसवता येई. लिहिणे चल झाले, वाचणे अचल राहिले. एखादा तरुण उत्साहाने मराठीत निरोप लिही आणि तो ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या फोनवर चौकटी उमटत.

येथे राज्यसत्तेचेही काही चालले नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले. शाळेच्या पुस्तकांत ते वळण आले. परंतु अनेक फोनांत पुढे कितीतरी वर्षे हिंदी वळणाचीच अक्षरे उमटत राहिली. शासननिर्णय बालभारतीपर्यंत पोहोचतो. फोनच्या गाभाऱ्यात त्याला प्रवेश नसतो. तेथील कारभारी वेगळा आहे.

हे झाले भाषेचे. पण अचल वस्तूत दोष निघाला तर काय होते, याचा मोठा धडा जगाला २०१५ साली मिळाला. अँड्रॉइडच्या पोटात चित्रफिती उलगडून दाखवणारा ‘स्टेजफ्राइट’ नावाचा भाग होता. त्या वर्षी जुलैमध्ये असे उघड झाले की, एखादा कपटाने रचलेला संदेश नुसता आला तरी त्या भागातून परक्याला फोनमध्ये शिरकाव करता येईल. सुमारे ९५ कोटी फोनांना हा धोका असल्याचा अंदाज तेव्हा दिला गेला. गूगलने दुरुस्ती तयार केली. पण ती फोनपर्यंत पोहोचवावयाची कशी? गूगलने ती फोन बनवणाऱ्या कंपनीला द्यावी, कंपनीने आपल्या प्रत्येक नमुन्याला ती बेतावी, काही देशांत टेलिफोन कंपनीने ती पुन्हा तपासावी, आणि मग ती मालकाला मिळावी. स्वस्त आणि दोन वर्षे जुन्या फोनांच्या बाबतीत ही साखळी मध्येच कोठेतरी तुटे. फोन चालत राही, आतली भिंत ओलीच राही. दोष एखाद्या सुट्या ॲपमध्ये असता, तर ते आठवड्याभरात बदलता आले असते.

यावर दोन उपाय पुढे आले. ॲपलने जुनाच मार्ग धरून ठेवला : यंत्र आपले, मूळ व्यवस्था आपली, तेव्हा सगळे घरच एकदम सारवून द्यावयाचे. एक हात असल्याने ते त्यांना जमते. अँड्रॉइडला ते जमणारे नव्हते, कारण तेथे व्यवस्था एकाची आणि फोन शेकडो कारखान्यांचे. म्हणून गूगलने गाभाऱ्यातील एकेक वस्तू हलती करण्यास सुरुवात केली. २०१२ साली ‘प्ले सर्व्हिसेस’ नावाचा एक भाग आला. तो बसलेला असतो मूळ व्यवस्थेच्या अगदी जवळ, मालकाला सहसा दिसतही नाही, पण बदलतो मात्र ॲपसारखा, कारखान्याची वाट न पाहता. २०१४ च्या आवृत्तीत, ॲपच्या आत जालपृष्ठे दाखवणारा ‘वेबव्ह्यू’ हा भाग सुटा झाला. २०१९ साली अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीबरोबर ‘मेनलाइन’ नावाची योजना आली आणि ध्वनी-चित्र उलगडणाऱ्या भागासह मूळ व्यवस्थेचे काही अवयवच वेगळे काढून ते दूरवरून बदलण्याची सोय झाली. मूर्तिशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, मूळ मूर्ती आत आणि उत्सवमूर्ती बाहेर ही पहिली वाटणी अपुरी पडली, तेव्हा मूळ मूर्तीच चल करण्यात आली.

आता मी ज्या पहाटेचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा निजले. ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. दख्खनचे हे पठार स्थिर, येथे भूकंप व्हावयाचा नाही, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. ज्याला आपण अचल म्हणत होतो, ती भूमीच चळली. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. दोन-दोन हात रुंदीच्या, आतबाहेर दगड रचून मध्ये माती भरलेल्या भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या रात्री जीवघेणे ठरले. त्या वेळी भारतात मोबाईल फोन नव्हता. पहिले संभाषण व्हावयास अजून दोन वर्षे होती.

समजा, आज तसे घडले तर? भूकंपाच्या लाटा खडकातून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येतात, आणि संदेश मात्र जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. किल्लारी ते तुळजापूर हे सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरचे अंतर. विध्वंसक लाटेला ते कापण्यास दहा-पंधरा सेकंद लागतील. ओळखण्यात गेलेला वेळ वजा केला, तरी तुळजापूरकराला अंगणात येण्यापुरते किंवा निदान मुलाला कवेत घेऊन खांबाशी जाण्यापुरते सेकंद मिळू शकतात. केंद्राशेजारच्या गावांना मात्र काहीही मिळणार नाही. तेथे हादरा इशाऱ्याच्या आधी पोहोचतो. हे सत्य लपवू नये. परंतु ज्यांना ते सेकंद मिळू शकतात, त्यांच्यापर्यंत इशारा कोणत्या वाटेने जावा? नेमका येथे आपला वाद उभा राहतो.

एक वाट सुट्या ॲपची. रुडकीच्या आयआयटीने उत्तराखंड सरकारबरोबर ऑगस्ट २०२१ मध्ये भूकंपाचा इशारा देणारे ॲप काढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप काढले आहे. दोन्ही कामे स्तुत्य आहेत. दामिनीची आमच्याकडे तर फार गरज, कारण वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात दर वर्षी शेतातली माणसे आणि जनावरे विजेने मरतात. पण झाडाच्या आडोशाला उभ्या राहणाऱ्या गुराख्याने, सालगड्याने, खुरपणीला आलेल्या बाईने ते ॲप आधी बसवलेले असले पाहिजे. त्यासाठी त्यांना त्याचे नाव ठाऊक पाहिजे, फोनमध्ये जागा पाहिजे, जाल पाहिजे. ज्याला धोक्याची जाण आहे तो ॲप आणतो; ज्याला ती नाही, त्यालाच इशाऱ्याची अधिक गरज असते. सुट्या ॲपचा हा जन्मजात दोष आहे आणि तो कितीही नव्या आवृत्त्या काढल्या तरी जात नाही.

दुसरी वाट अंगभूत सोयीची. २० जुलै २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातील असंख्य फोन एकाएकी विचित्र आवाजात किंचाळू लागले. माझाही किंचाळला. दूरसंचार विभागाने घेतलेली ती चाचणी होती. टॉवरच्या टापूतील साऱ्या फोनांना एकदम संदेश देण्याची ही सोय फोनच्या पोटात असते. तिला ना ॲप लागते, ना जाल, ना तुमचा नंबर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने, ही सोय नसलेला फोन भारतात विकता येणार नाही, असा नियम केला होता. जपानात तर देशव्यापी भूकंप-इशारा ऑक्टोबर २००७ पासून आहे. अशा ठिकाणी मी बिनदिक्कत बळदाच्या बाजूने आहे. आगीची घंटा ही ज्याने त्याने विकत आणावयाची वस्तू नव्हे.

तिसरी वाट चल मूळमूर्तीची. गूगलने ऑगस्ट २०२० पासून अँड्रॉइड फोनांच्याच साहाय्याने भूकंप ओळखण्याचा उपक्रम सुरू केला. फोन आडवा की उभा हे ओळखणारे जे इंद्रिय त्यात असते, त्यालाच जमिनीचा कंप कळतो. रात्री चार्जरला लावून निश्चल ठेवलेले हजारो फोन एकाच वेळी थरथरले, तर तो भूकंप, असा हा हिशेब. सप्टेंबर २०२३ मध्ये ही सोय भारतात आली. आणि आली ती प्ले सर्व्हिसेसच्या वाटेने, अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून पुढच्या फोनांना. म्हणजे २०१४-१५ सालचा फोन वापरणाऱ्यालाही, त्याने काही न आणता, काही न बदलता, जी गोष्ट त्याच्या फोनच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात नव्हती ती मिळाली. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. अंगभूत सोयीची पोहोच आणि ॲपचे नित्यनूतनत्व, ही दोन्ही येथे एकत्र आली.

पण तिचाही गर्व उतरला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वेळ किल्लारीसारखीच, माणसे झोपेत. ही व्यवस्था तेथे चालू होती. झोपलेल्याला खडबडून जागा करणारा जो मोठा इशारा, तो सुमारे एक कोटी लोकांना मिळावयास हवा होता. मिळाला ४६९ फोनांना. व्यवस्थेने भूकंपाचा आकार फारच लहान मोजला होता. ही कबुली गूगलच्या संशोधकांकडून आली ती २०२५ साली. त्यांनी गणित सुधारले, त्याच भूकंपाच्या नोंदींवर पुन्हा चालवून पाहिले, आणि सुधारलेल्या गणिताने एक कोटी मोठे इशारे गेले असते असे आढळले. यात दोन गोष्टी दिसतात. गणित चल होते म्हणून ते दुरुस्त झाले, ही एक. आणि ते चुकले आहे हे जगाला कळण्यास दोन वर्षांवर काळ लागला, ही दुसरी. मूर्ती हलवण्याची सोय आहे. पण ती कोण हलवतो, केव्हा, आणि ते कोणाला दिसते?

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. ज्याला गाभाऱ्यात हात घालता येतो, त्याला चांगले आणि वाईट दोन्ही करता येते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आक्षेप असा की, फोन बनवणाऱ्यांना गूगलच्या ॲपचा सगळा गठ्ठाच आधीपासून बसवावयास लावून इतरांची वाट बंद केली जाते. अपिली न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. येथे ‘अंगभूत’ हा शब्द सोयीचा न राहता मक्तेदारीचा होतो. सरकारच्या बाबतीतही तेच. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने आदेश काढला की ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनात आधीच बसवलेले असावे आणि त्याची कार्ये कोणाला बंद करता येऊ नयेत. हरवलेला फोन रोखावा, फसवणूक कळवावी, असे त्याचे हेतू होते आणि ते वाईट नव्हेत. तरी देशभर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. लोकांना हेतू पटत नव्हता असे नाही. आपल्या घराच्या भिंतीत दुसऱ्याने बळद बांधावे आणि त्याची किल्ली त्याच्याकडेच राहावी, हे त्यांना पटत नव्हते.

तेव्हा सुटे चांगले की अंगभूत चांगले, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तीन गोष्टी विचाराव्यात. ही गरज सर्वांची आहे काय? असेल, तर ती प्रत्येकाच्या चोखंदळपणावर सोडू नये, पोटात असावी. तीत दोष निघाला तर सगळे यंत्र न टाकता तो काढता येईल काय? नसेल, तर ती पोटात घालणे म्हणजे गरिबाच्या घरी जुना दोष कायमचा गाडून ठेवणे होय, कारण नवा फोन घेणे ही दुरुस्ती फक्त पैसेवाल्यांची आहे. आणि तिसरी गोष्ट, जो हलवणार त्याचा अधिकार बांधलेला आणि सर्वांस ठाऊक आहे काय? तुळजापूरची मूर्ती चल आहे. पण ती कोणीही, केव्हाही, कोठेही नेत नाही. पलंग कोणी आणावयाचा, पालखी कोठून यावयाची, मूर्तीला हात कोणी लावावयाचा, निद्रा किती दिवसांची, हे सारे मान वेगवेगळ्या घराण्यांत आणि गावांत वाटलेले आहेत. तिथी पंचांगात छापलेली असते आणि सोहळा हजारो डोळ्यांदेखत होतो. एकट्या मानकऱ्याच्या मर्जीवर काही नाही. या मानपानावरून भांडणे झाली नसतील असे नाही. पण भांडता येते, हेच त्या व्यवस्थेचे बळ आहे. फोनच्या गाभाऱ्यातील बदल रात्री आपण झोपेत असताना होतात. तिथी ठाऊक नसते आणि मानकरी एकच असतो.

१९९३ नंतर किल्लारी-सास्तूर भागात जे पुनर्वसन झाले, त्यात ५२ गावे नव्या जागी, नव्या घरांत वसवली गेली. त्याची छायाचित्रे निघाली, समारंभ झाले. पण त्याच कार्यक्रमात आणखी एक काम झाले, त्याकडे इतिहासाचे लक्ष कमी गेले. दूरच्या गावांत लाखावर जुनी घरे तशीच उभी होती. भिंती तडकलेल्या, माळवदे जड. ती पाडून नवी बांधणे परवडणारे नव्हते. तेव्हा गवंड्यांना शिकवण्यात आले की, भिंत न पाडता तिच्यात आरपार जाणारे बांधदगड ठिकठिकाणी बसवावेत म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांस धरून राहील. वरून सिमेंटचा पट्टा फिरवावा. माळवदावरची माती कमी करावी. घर तेच राहिले, माणसे आतच राहिली, आणि भिंतीला जे बळ जन्मतः नव्हते ते मागाहून मिळाले. आणि प्रत्येक दगड घरधन्याच्या डोळ्यांसमोर बसवला गेला.